पाण्याच्या नळीतली अळी

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पाण्यात अळी सापडली.

ते पाणी साधे नव्हते. सीलबंद बाटलीतून आलेले, गाळलेले, उकळलेले, ज्यात काही म्हणजे काहीही नाही अशी हमी असलेले ते पाणी होते. त्याचे काही थेंब बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीत घातले होते. त्या नळीत कोणी अळी टाकली नव्हती. अळीचा तुकडाही टाकला नव्हता. तरी जांभळ्या दिव्याखाली त्या नळीच्या रांगेत तीन पट्ट्या लख्ख उजळल्या. तीन पट्ट्या म्हणजे धोक्याची अळी.

दिव्यापाशी एक मुलगी उभी होती. तिने दिवा बंद केला आणि पुन्हा लावला. पट्ट्या तिथेच होत्या.

मित्रांनो, त्या पट्ट्या ज्या यंत्रातून बाहेर पडल्या ते जुने यंत्र मी. मला पीसीआर यंत्र म्हणतात. दिसायला मी टोस्टरचा थोरला भाऊ. माझ्या पाठीवर धातूचा एक ठोकळा आहे आणि त्यात शहाण्णव खळगे आहेत, आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. त्या खळग्यांत नळ्या उभ्या राहतात. मला एकच काम येते. मी तापतो, गार होतो, पुन्हा जरा तापतो. नळीत एखाद्या जिवाच्या डीएनएचा कण असेल, तर या तापण्या-निवण्यात त्याची नक्कल तयार होते. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ. दोनतीन तासांत त्या कणाच्या इतक्या नकला होतात की डोळ्यांनी न दिसणारी गोष्ट दिव्याखाली उजळून दिसते. कण नसेल तर नक्कलही नाही. शून्याची दुप्पट शून्यच.

म्हणून त्या सोमवारी सगळे हबकले. शून्यातून अळी आली होती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एका कामगार बाईने तारेसारख्या बारीक थर्मामीटरने माझा प्रत्येक खळगा तपासला. घाई नाही, गप्पा नाहीत. एक खळगा थोडा कमी तापत होता, तर तिने पूर्ण ठोकळा सुटा करून पुन्हा बसवायला लावला. मग मी एका बड्या रुग्णालयात गेलो. तिथली वर्षे माझ्या कौतुकाची. कोणाला कोणत्या जंतूची लागण झाली आहे हे माझ्यामुळे दुपारपर्यंत कळायचे. डॉक्टर येता जाता माझ्या झाकणावर टिचकी मारायचे. पाहुणे आले की त्यांना मला दाखवले जायचे. "हे बोललं की विषय संपला," असे तिथले मोठे डॉक्टर म्हणायचे. मी काहीच बोलत नव्हतो, पण ऐकायला बरे वाटायचे.

पुढे तिथे नवे यंत्र आले. मी तळघरात मोडक्या खुर्च्यांमध्ये पडून राहिलो. तिथून मला या छोट्या प्रयोगशाळेने मागून आणले. ही प्रयोगशाळा बंदराच्या मागच्या रस्त्यावर आहे. खाली बर्फाचा कारखाना, वर आम्ही. इथे समुद्रातल्या माशांच्या अंगातले किडे ओळखतात.

तुम्हाला वाटेल, किडा ओळखण्यात काय मोठेसे? पण ऐका. बांगड्याच्या पोटात कधीकधी पांढऱ्या दोऱ्यासारखी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली अळी सापडते. तिच्या अनेक जाती आहेत. एखादी जात माणसाने कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या माशातून खाल्ली तर पोटात असह्य कळा येतात, अंगावर गांध्याही उठतात. दुसरी जात माणसाला बहुधा काहीच करत नाही. मोठ्या झाल्या की या जाती वेगळ्या ओळखू येतात. पण त्या मोठ्या होतात देवमाशांसारख्या दुसऱ्या जिवांच्या पोटात. बांगड्यात सापडते ते त्यांचे बालपण, आणि बालपणी सगळ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. मग डीएनएला विचारावे लागते. माझ्यातून निघालेल्या नकला एका रसायनाने कापायच्या, विजेच्या प्रवाहात पळवायच्या आणि दिव्याखाली पाहायच्या. आमच्या पद्धतीत धोक्याच्या अळीच्या तीन पट्ट्या पडतात, साध्या अळीच्या दोन.

खात्रीसाठी दर वेळी दोन जादा नळ्या ठेवतात. एका नळीत आधीच माहीत असलेली धोक्याची अळी घालतात. ती उजळली की काम नीट झाले असे समजायचे. दुसरीत नुसते पाणी. ती अंधारी राहिली की कुठून घाण शिरलेली नाही असे समजायचे. पाण्याची नळी सगळ्यात शेवटी भरायची आणि शेवटच्या खळग्यात, उजव्या कोपऱ्यात ठेवायची, ही इथली पहिल्यापासूनची शिस्त. आधीच्या माणसाने नंतरच्याला हेच शिकवले. "पाणी कोपऱ्यात, म्हणजे गोंधळ नाही."

शिस्त होती, पण मला तपासायला मेकॅनिक येत नव्हता. दर वर्षी वर मागणी जायची आणि "चालतंय ना? मग राहू दे" असे उत्तर यायचे. माझ्या झाकणाची बिजागरी मोडली, तेव्हा झाकण नीट दाबून बसावे म्हणून त्यावर समुद्रावरचा एक गुळगुळीत दगड ठेवण्यात आला. वातानुकूलन एकाच खोलीत होते. त्यामुळे नळ्या भरण्याचे काम आणि काम झालेल्या नळ्या उघडण्याचे काम माझ्या शेजारच्या एकाच टेबलावर व्हायचे. दुसऱ्या खोलीत घाम गळतो, अशी सगळ्यांची तक्रार होती.

आता त्या मुलीविषयी सांगतो. ती इथली तंत्रज्ञ आहे. बारीक अंगाची, भरभर चालणारी. तिची मावशी मासळी बाजारात ओट्यावर बसून मासे विकते. सोमवारच्या दोन आठवडे आधी ती मावशी एक स्टीलचा डबा घेऊन जिना चढून वर आली.

"नाक काय मुरडतेस?" दारातूनच ती म्हणाली. "याच वासावर वाढलीस तू."

"नाक नाही मुरडत. हा डबा तुझा साखरेचा ना?"

"होता. आता नाही."

डब्यात बर्फावर एक चिरलेला बांगडा होता आणि त्याच्या पोटात सहा पांढऱ्या अळ्या.

"एका गिऱ्हाइकानं परत आणून दिला," मावशी म्हणाली. "बाई म्हणते, मावशी, यात वळवळतंय. शेजारच्या ओट्यावरच्या सगळ्या म्हणाल्या, फेकून दे आणि गप बस. मी म्हटलं, का म्हणून? माझी भाची दुसरं काय करते? तर विचार तुझ्या त्या यंत्राला, साधी आहे का वाईट. साधी निघाली की त्या बाईला तोंडावर सांगते."

"आणि वाईट निघाली तर?"

"तर तेही सांगते. तीस वर्षं बसलेय त्या ओट्यावर. लपवायला काय आहे?"

भाचीने प्रत्येक अळीचे तीन तुकडे केले. मधला तुकडा माझ्यासाठी. डोके आणि शेपूट वेगवेगळ्या कुप्यांत, स्पिरिटमध्ये, अळीच्या नंबराची चिठ्ठी लावून. हे तुकडे नेहमीच जपून ठेवतात, पुढे कधी लागले तर असावेत म्हणून.

सहाही नळ्यांच्या रांगेत तीन पट्ट्या उजळल्या. कोपऱ्यातली पाण्याची नळी अंधारी होती, म्हणजे शंकेला जागा नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नियमाप्रमाणे अन्न निरीक्षकाला फोन केला. भाचीने तेव्हा एकदाच विचारले, "मॅडम, एक दिवस थांबलो तर?" मॅडम म्हणाल्या, "ती तुझी मावशी नसती तर थांबली असतीस?"

त्याच दुपारी निरीक्षकाची गाडी बाजारात गेली. मावशीची सगळी मासळी चुना टाकून पुरण्यात आली. ओट्यावर बंदीची पट्टी लागली. तीच मासळी, त्याच होडीतून उतरलेली, शेजारच्या चार ओट्यांवर संध्याकाळपर्यंत विकली गेली. त्या चौघींनी कोणालाच काही तपासायला दिले नव्हते.

मावशीचा फोन आला तेव्हा भाचीचे हात कामात होते, म्हणून तिने स्पीकर लावला होता. मी सगळे ऐकले.

"तुला तपासायला दिलं होतं गं मी. फासावर द्यायला नाही."

"मावशी, पट्ट्या आल्या तशाच सांगाव्या लागतात."

"सांगितल्यास ना? झालं तर. आता बाजारात मला काय म्हणतात माहितेय? अळीवाली." एवढे बोलून तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने भाचीचा फोन उचलला नाही. भाचीची आई मध्यस्थी करायला गेली आणि दोघींची बोलणी खाऊन परत आली.

बाजाराच्या समितीने कळवले की गुरुवारी बैठक आहे. त्यात मावशीचा ओटा दुसऱ्या कोणाला द्यायचा का, हे ठरेल.

गुरुवारच्या आधीचा सोमवार म्हणजे तुम्हाला सुरुवातीला सांगितलेला सोमवार. त्या खेपेला मावशीच्या मासळीचा संबंध नव्हता. रोजचे बंदरावरचे नमुने होते. फक्त एक गोष्ट वेगळी घडली होती. आदल्या खेपेला एका नळीचे टोक तुटून माझ्या कोपऱ्यातल्या खळग्यात अडकले होते. ते निघेना. म्हणून भाचीने पाण्याची नळी मधल्या एका खळग्यात ठेवली. आणि पाण्यात अळी निघाली.

"पाणी बदल," मॅडम म्हणाल्या. "नवीन बाटली फोड. त्या बाटलीत कोणीतरी पिपेटचं घाणेरडं टोक बुडवलं असणार."

भाचीने चिमट्याने खळग्यातला प्लास्टिकचा तुकडा काढला. नवी बाटली फोडली. पाण्याची एक नळी नेहमीसारखी कोपऱ्यात ठेवली. मग क्षणभर थांबून तिने त्याच बाटलीतल्या पाण्याची आणखी एक नळी भरली आणि आधीच्या खेपेच्याच मधल्या खळग्यात ठेवली. मॅडमना तिने हे सांगितले नाही.

मंगळवारी सकाळी मॅडम दिव्यापाशी आल्या. कोपऱ्यातल्या पाण्याची रांग काळीकुट्ट होती. "बघ," त्या म्हणाल्या, "पाणीच खराब होतं. उगाच जीव खालीवर झाला."

"मॅडम, तिच्या बाजूची रांग बघा."

"ती कसली? तीन पट्ट्या आहेत. माहीत असलेली अळी ना?"

"नाही. तेही पाणीच आहे. त्याच बाटलीतलं."

मॅडम खाली वाकून पाहत राहिल्या. एकच बाटली, एकच हात, एकच वेळ. एका नळीत अळी, दुसरीत नाही. फरक फक्त जागेचा होता. दोघींनी एकदमच मान वळवून माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे झाली मित्रांनो, पण माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते.

दुपार व्हायच्या आत मेकॅनिक आला. या वेळी मागणी वगैरे काही नाही, मॅडमनी सरळ स्वतः फोन केला होता. तो जाडजूड, हसतमुख माणूस आहे. "काय आजोबा, काय म्हणते तब्येत?" असे म्हणत त्याने माझ्यावरचा दगड उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "हे औषध कोणी लिहून दिलं?" कोणी हसले नाही.

त्याने तारेचा थर्मामीटर काढला आणि मला चौऱ्याण्णव अंशांवर तापायला लावले. पहिल्या खळग्यात चौऱ्याण्णव. मधल्या खळग्यात चौऱ्याण्णव. त्याच्या शेजारी, खाली, वर, सगळीकडे जवळपास तेवढेच. मग तार उजव्या कोपऱ्यात गेली. आकडा चढू लागला आणि एक्केचाळीसवर थांबला. मेकॅनिकने तार काढून पुसली आणि पुन्हा घातली. एक्केचाळीस.

"यात अंडंसुद्धा उकडायचं नाही," तो हळूच म्हणाला. "खालची तापवणारी पट्टी मेलीय कोपऱ्यातली."

"पण पडद्यावर तर दर वेळी चौऱ्याण्णव येतं," भाची म्हणाली.

"येणारच. याचा स्वतःचा थर्मामीटर मधोमध आहे. कोपऱ्याचं त्याला काय कळतंय?"

"कधीपासून असं आहे?" मॅडमनी विचारले.

"ते कसं सांगू? तुम्ही मला शेवटचं बोलावलं होतं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता पोरगी शाळेत जाते."

मलाही धक्का बसला होता. माझ्या अंगाचा एक कोपरा गार पडला आहे हे मला मेकॅनिकच्या तोंडून कळत होते.

याचा अर्थ काय झाला तो समजून घ्या. नक्कल व्हायची तर तापायला हवे. जो खळगा तापतच नाही, त्यात अख्खी अळी घातली असती तरी पट्ट्या उमटल्या नसत्या. आणि नेमक्या त्याच खळग्यात शिस्तीने, न चुकता, पाण्याची नळी ठेवली जात होती. घाण शिरली तर ओरडून सांगायचे काम जिचे, तिला अशा जागी बसवले होते की ओरडणे तिला शक्यच नव्हते. तिच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून कितीतरी निकाल बाहेर गेले होते.

घाण कुठून येत होती, तेही त्या दिवशी उलगडले. काम झालेली नळी उघडताना तिच्या तोंडाशी डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. प्रत्येक तुषारात अळीच्या डीएनएच्या लाखो नकला असतात. माहीत असलेल्या धोक्याच्या अळीची नळी दर खेपेला त्याच टेबलावर उघडली जायची. ते तुषार टेबलावर, हातमोज्यांवर आणि थेंब मोजून उचलणाऱ्या पिपेटवर बसायचे. पुढची खेप तिथेच, त्याच पिपेटने भरली जायची. भाचीने टेबल कापसाने पुसून तो कापूस तपासला. तीन पट्ट्या. पिपेट तपासली. तीन पट्ट्या.

"मावशीच्या सहा नळ्या," ती म्हणाली. "सगळ्यांत तीन पट्ट्या. त्या तिच्या अळीच्या होत्या की आपल्या टेबलाच्या?"

मॅडम म्हणाल्या, "सांगता येणार नाही." मग त्या म्हणाल्या, "तिला बोलाव."

"माझा फोन ती उचलत नाही."

"मग मी करते."

मावशी तासाभरात आली. जिना चढून आल्यावर ती दम खायला दारातच थांबली. भाचीकडे तिने पाहिले नाही. मॅडमनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मॅडमनी सगळे सांगितले. गार कोपरा, पाणी, टेबल, पिपेट. काही लपवले नाही.

"म्हणजे माझ्या बांगड्यात अळी नव्हती?" मावशीने विचारले.

"अळी होती मावशी, तूच आणलीस," भाची म्हणाली. "पण कुठली होती ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही सांगितली ती कदाचित आमच्याच टेबलावरची होती."

मावशी टेबलाकडे बघत राहिली. पांढरे, गुळगुळीत, स्वच्छ दिसणारे टेबल.

"तुमच्या टेबलावरची घाण," ती सावकाश म्हणाली, "माझ्या ओट्यावर?"

"चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या.

"चूक तुमची आणि ओटा माझा. वाटणी बरी केलीत." मग पहिल्यांदाच तिने भाचीकडे पाहिले. "आणि तू काय रडतेस? रडायचं तर मी. डोळे पूस. पुढं काय करायचं ते बोल."

पुढे करण्यासारखे एकच होते. ती मासळी जमिनीत गेली होती. अळ्यांचे मधले तुकडे संपले होते. उरली होती सहा डोकी आणि सहा शेपट्या. ती वापरली की मागे काहीच राहणार नव्हते. मॅडमनी ठरवले, शेपट्या इथे तपासायच्या आणि डोकी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची. "या यंत्रावर एकट्यावर आता मी काही ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. मला ते लागले. पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. डोक्यांच्या सहा कुप्या त्याच संध्याकाळी पार्सलने गेल्या.

शेपट्यांसाठी सगळे नवे घेतले. नवी पिपेट, नवे हातमोजे, नवी बाटली. नळ्या भरायच्या त्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत, एका कोऱ्या तक्त्यावर. भाचीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो नळीत पडू नये म्हणून ती दर मिनिटाला मान बाजूला करून खांद्याला पुसत होती. पाण्याच्या एक नाही, चार नळ्या भरल्या आणि माझ्या चार वेगवेगळ्या, मेकॅनिकने तपासून दिलेल्या खळग्यांत ठेवल्या. कोपऱ्यावर चिकटपट्टी लावली. मावशी बाहेर बाकावर बसून होती. "यंत्र चालू झालं की सांग, मग जाते," ती म्हणाली. मी चालू झालो तरी ती गेली नाही.

बुधवारी दुपारी दिवा लागला. या वेळी तिघी वाकून पाहत होत्या.

पाण्याच्या चारही रांगा काळ्या. माहीत असलेल्या अळीच्या तीन पट्ट्या, जशा हव्या तशा. मग शेपट्या. पहिली, दोन पट्ट्या. दुसरी, दोन. तिसरी, चौथी, पाचवी, दोन, दोन, दोन. भाचीने मावशीचा हात धरला. सहावी, तीन.

मावशीला पट्ट्या मोजायला कोणी शिकवले नव्हते, पण ती बघत होती. "ती शेवटची वेगळी आहे ना गं?"

"हो."

"वाईट?"

"हो. म्हणजे पाच साध्या, एक वाईट."

मॅडम म्हणाल्या, "एकाच माशात दोन जाती असू शकतात. पण मधले तुकडे कापले तेव्हा शेपट्याही त्या जुन्या टेबलावरच होत्या. ती एक तिथली घाणही असेल. आपण असं म्हणू शकतो की पाच साध्या निघाल्या आणि सहावीचं नक्की सांगता येत नाही. ते खोटं नाही."

भाचीला हवे असलेले वाक्य मॅडमनी तिच्या पुढ्यात ठेवले होते.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "ती वाईटवाली, नीट शिजवली तर मरते ना?"

"मरते. नीट गोठवली तरी मरते. काही लोकांना मेलेलीचंही वावडं असतं, पण ते थोडे."

"मग सांगा तीन पट्ट्या आल्या म्हणून. घाणीचंही सांगा. सगळंच सांगा. एकदा तुम्ही अर्धं सांगितलंत ते मी भोगतेय. आता उरलेलं अर्धं मी लपवू? आणि शेजारच्या चौघींनाही सांगा, तुमच्या बांगड्याचं पोट लवकर साफ करा म्हणावं. मासा मेल्यावर तसाच पडला तर अळी पोटातून मांसात शिरते, हे हीच मला सांगायची, लहान होती तेव्हापासून. मी म्हणायचे, गप जेव." बोलता बोलता तिला हसू आले, आणि मग ती एकदम रडू लागली. भाचीने तिला धरून बाकावर नेले.

गुरुवारी समितीची बैठक झाली. मॅडम स्वतः गेल्या. आमचा पहिला निकाल धरू नये, असे त्यांनी उभे राहून सांगितले. गार कोपऱ्याचे सांगितले, पाच शेपट्यांचे सांगितले आणि सहावीचेही. समितीत मोठा गलका झाला. कोणी म्हणाले, आता यांचे काहीच खरे धरायचे नाही. कोणी म्हणाले, मग सगळ्यांचीच मासळी तपासा, तेव्हा मागच्या बाकांवर शांतता पसरली. शेवटी ठरले की दुसऱ्या प्रयोगशाळेतून डोक्यांचा निकाल येईपर्यंत ओटा बंद राहील आणि कोणाला दिलाही जाणार नाही.

मित्रांनो, आता माझे ऐका. मी अजून कामावर आहे. नळ्या भरण्याचे काम दुसऱ्या खोलीत गेले, मी इथेच. झाकणावरचा दगड गेला, नवी बिजागरी आली. मेकॅनिकने दर सहा महिन्यांनी यायचे कबूल केले आहे. माझ्यासारखी यंत्रे तुमच्याही आसपास असतील. दवाखान्यातला काटा, दुकानातले माप, गाडीचा ब्रेक. त्यांच्यावर माणसे विसंबतात. ती चालू आहेत म्हणून ठीक आहेत असे समजू नका. चालू तर मीही होतो. त्यांना उघडून बघा, त्यांचे कोपरे बघा, आणि जिथे नेहमी सगळे ठीक दिसते तिथे आधी बघा. यंत्राला दुखले तर ते कण्हत नाही. ते पूर्वीसारखेच आकडे दाखवत राहते. मग त्याचे दुखणे दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. मावशीने यात काय केले होते? तिने विचारले, एवढेच.

जुने निकाल काढून पाहण्याचे काम सुरू झाले आहे. किती मागे जायचे ते अजून ठरलेले नाही, कारण कोपरा कधी गार पडला ते कोणालाच माहीत नाही.

आज शनिवार. दुपारी दुसऱ्या प्रयोगशाळेतून फोन आला. भाचीने स्पीकर लावला होता. पार्सल पोहोचले आहे, असे तिकडचा माणूस म्हणाला. सहा कुप्या मिळाल्या. त्यातल्या पाच व्यवस्थित आहेत. एकीचे झाकण सैल होते, स्पिरिट उडून गेले आहे आणि आतले डोके वाळून कडकडीत झाले आहे. त्यातून काही निघेल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही.

"कितव्या नंबरची कुपी? सहावी तर नाही?" भाचीने विचारले.

स्पिरिटने चिठ्ठीवरची शाई पसरली आहे, तो माणूस म्हणाला. नंबर वाचता येत नाही. बाकीच्या पाचही चिठ्ठ्या ओल्या आहेत, त्या वाळवून कोणता नंबर उरतो ते बघतो आणि कळवतो.

अजून त्याने कळवलेले नाही.